चार मिनिटांची हार्ड डिस्क

बडेकरकाका माझ्या दुकानात हार्ड डिस्क बघायला यायचे ते गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून. मला डिस्क चालू करून काउंटरवर ठेवायला लावायचे, तिच्या पोटावर त्याची चकती टेकवायचे आणि डोळे मिटून पाच-पाच मिनिटं ऐकत राहायचे. दुकानात बाकीची गिऱ्हाइकं असली तरी काकांना त्याचं काही नसायचं. एकदा एक बाई मोबाइलला काच बसवून घ्यायला आल्या होत्या. जाताना त्या मला हळूच विचारून गेल्या की इथं बीपीसुद्धा बघतात का.

ऐकून झालं की काका कान मोकळे करायचे, डिस्क बोटानं माझ्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, "होल्ड."

होल्ड म्हणजे नापास नव्हे. काकांच्या जगात तीनच निकाल होते. पास, रिजेक्ट आणि होल्ड. पैकी पास मी फार क्वचित ऐकला. रसायनीच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी उभी हयात लॅबमध्ये काढली. कंपनीच्या बसनं रोज कर्जतहून जायचं, दिवसभर बाटल्या हलवून मालावर शिक्का मारायचा, संध्याकाळी परत यायचं. स्टेथोस्कोप तिथल्या मेंटेनन्सवाल्या मित्रानं निवृत्तीला दिला होता. पंपाचं बेअरिंग जायला आलं की ते आधी आवाजात कळतं म्हणे. काका निवृत्त झाले पण लॅब काही बंद झाली नाही. ती फक्त रसायनीहून कर्जतला, आमच्या दहिवलीत आली, आणि माझं नशीब असं की माझं घर बरोबर त्यांच्या समोर.

त्यांच्या स्वयंपाकघरात तूरडाळीच्या डब्यावर चिठ्ठी असायची. आलेली तारीख, संपायची तारीख, तपासणारा शां. बडेकर. कोळीण दारात आली की ती पाटी खाली ठेवायच्या आधीच कपाळाला हात लावायची. काका बोंबलाचा वास घेऊन तिला पुढच्या घराला जायला सांगत आणि परत येताना निकाल विचार म्हणत. माझ्या बायकोनं एकदा त्यांच्याकडे पुरणपोळी पाठवली. दुसऱ्या दिवशी ताट परत आलं, त्यात चिठ्ठी होती, "चव पास. कडा होल्ड." बायकोनं त्यानंतर दोन सण त्यांच्याकडे काही पाठवलं नाही. तिसऱ्या सणाला पाठवलं, कारण तेव्हा काकू गेल्या होत्या आणि घरात रांधणारं कोणी नव्हतं.

आणि एक खूळ होतं ते म्हणजे राखीव सॅम्पलचं. कारखान्यातून माल बाहेर पडला की त्यातला थोडासा एका बाटलीत भरून, बुचाला लाख लावून, सही करून कपाटात ठेवतात. वर्षानुवर्षं. काका तेच घरी करायचे. दर वर्षीच्या लोणच्यातलं चमचाभर लोणचं छोट्या बाटलीत सीलबंद. काकूंनी सुरुवातीला भांडून पाहिलं, मग बरण्या भरताना एक बाटली आपणहून बाजूला ठेवायला लागल्या. मी विचारलं होतं, हे उघडता कधी? काका म्हणाले, तक्रार आली तरच. तक्रार नसताना सील तोडलं तर ते सॅम्पल बाद. काकूंच्या लोणच्याबद्दल कोणाची तक्रार असणार? बाटल्या तशाच राहिल्या.

आता हे सगळं वाचून तुम्हाला हसू येत असेल. मलाही यायचं. पण या माणसानं एकदा हेच खूळ एका जिवंत मुलीवर चालवलं आणि त्यानंतर त्याच्याकडे बघून हसताना माझ्या तोंडाची चव जायची. ते सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढची हार्ड डिस्क कळणार नाही.

काकांना एकच मुलगा, महेश. तो खोपोलीला एका कारखान्यात स्टोअरमध्ये कामाला. तिथल्याच एका दवाखान्यात नर्स असलेल्या वनितावर त्याचं मन बसलं. वनिता डोंगराच्या पायथ्याच्या आदिवासी वाडीतली. आई-बाप मोळ्या विकून आणि मजुरी करून राहिलेले, पोरगी शिकून नर्स झालेली. महेश तिला घरी घेऊन आला त्या दिवशी मीही तिथं होतो, कारण काकांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. माझ्या अंगावर तेव्हाच काटा यायला हवा होता.

काकांनी वही उघडली. शिक्षण विचारलं, लिहिलं. घरात माणसं किती, लिहिलं. कुठल्या वाडीतली, लिहिलं, आणि तिथं पेन जरा थांबलं. मुलगी सगळ्याची उत्तरं नीट देत होती. शेवटी काकांनी वही मिटली आणि तिच्यासमोर, तिच्याकडे न बघता महेशला म्हणाले, "होल्ड. पंधरा दिवसांनी सांगतो."

ती मुलगी उठून उभी राहिली. चहा अर्धा राहिला होता तो तिनं कप उचलून मोरीत नेऊन विसळून ठेवला आणि बाहेर पडली. महेश तिच्या मागोमाग गेला. मग तो पंधरा दिवसांनी आला नाही, महिन्यानं आला नाही, दिवाळीला आला नाही. काका मला सांगत राहिले की मी नाही कुठं म्हटलं, होल्ड म्हटलं, मी सगळ्यांनाच होल्ड म्हणतो. मी त्यांना तोंडावर सांगितलं की वाडीचं नाव लिहिताना तुमचं पेन थांबलेलं मी बघितलंय. पेन का थांबलं होतं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही, आणि मीही त्यांच्यातर्फे वकिली करणार नाही.

कर्जत ते खोपोली मध्ये चार स्टेशनं. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी. बाप या टोकाला, लेक त्या टोकाला, आणि दोघांत एक वर्ष एक फोन नाही.

कॅमेरा त्याच सुमारास बसवला. मीच बसवला, धंदाच आहे माझा. काकांच्या फाटकाजवळच्या शेवग्याच्या शेंगा कोणीतरी काढून नेत होतं आणि काकांना तो माणूस पुराव्यासकट हवा होता. मी त्यांना एक कॅमेरा आणि पाचशे जीबीची साधी डिस्क असलेला रेकॉर्डर दिला. सांगितलं, यात तीन-साडेतीन आठवड्यांचं रेकॉर्डिंग राहतं, मग जागा संपली की जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. काकांनी मान हलवली. त्यांना त्या वेळी शेंगांशी मतलब होता.

मग एके दिवशी सकाळी दुकान उघडतोय तर काका पायरीवर बसलेले. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला रेकॉर्डर, वायरी लोंबत असलेला. भिंतीवरून उपटूनच आणला होता. चेहरा पांढरा पडलेला. मला वाटलं शॉक लागला. "मागचं पुसून पुढचं लिहायचं, ही काय पदत झाली?" एवढंच म्हणाले. रेकॉर्डर त्यांनी माझ्या हातात दिला नाही, स्वतःच काउंटरवर ठेवला.

शेंगाचोर शोधता शोधता ते एकोणीस दिवस मागं गेले होते. मी स्क्रीनला जोडलं, त्यांनी सांगितली ती वेळ लावली. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. दहिवलीतली आमची रिकामी गल्ली, एक शेळी, आणि मग फाटकापाशी महेश. इस्त्रीचा शर्ट, हातात पांढरा चौकोनी खोका. त्यानं कडीला हात लावला. काढून घेतला. बेलकडे बघितलं. घाम पुसला. असं करत तो चार मिनिटं उभा राहिला आणि मग पाठ फिरवून निघून गेला. आवाज नाही, कॅमेऱ्याला माइकच नव्हता.

एक ते चार काका झोपायचे. ते महेशला माहीत होतं. म्हणजे तो बापाला भेटायला आला होता की बाप झोपलेला असताना घराला भेटायला, ते मला तेव्हाही कळलं नाही. काकांनी मला तो खोका मोठा करून दाखवायला सांगितला. मी केला. मोठा केला की नुसते पांढरे ठोकळे. "पेढ्यांचा असंल का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बुटांचाही असेल, सांगता येत नाही. ते म्हणाले, आणखी मोठा कर. मी म्हटलं, काका, आणखी मोठा केला तर खोकाच राहणार नाही.

अजून तीन-चार दिवस गेले असते तर त्या चार मिनिटांवरून आमच्या गल्लीतली शेळी गेली असती. ही गोष्ट काकांच्या डोक्यात जी बसली ती उठलीच नाही. आणि मग हार्ड डिस्कचं प्रकरण सुरू झालं.

मी त्यांना त्याच दिवशी दुपारच्या आत माझी दोन टीबीची एक वापरातली डिस्क तात्पुरती लावून दिली आणि म्हटलं, तुम्हाला मोठी, भरवशाची हवी तर आठ टीबीची आणतो, कॅमेऱ्याच्या कामासाठीच बनवलेली, दिवसरात्र चालते. माझ्या हिशेबानं हे दोन दिवसांचं काम होतं. काकांना तीन महिने लागले.

पहिला आक्षेप वॉरंटीवर. तीन वर्षांची वॉरंटी म्हणजे तीन वर्षांत बिघडली तर नवी डिस्क मिळणार. "आनी आतलं?" आतलं मिळत नाही, मी म्हटलं. मग वॉरंटी कशाची, लोखंडाची? वीस वर्षं हा धंदा करतोय, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

मग एसएसडी. मी उत्साहानं सांगितलं की यात फिरणारं काही नसतं, आवाज नाही, धक्का लागला तरी काही होत नाही. आवाज नाही म्हटल्यावर काकांचा स्टेथोस्कोप बेकार झाला. वर त्यांनी कुठूनतरी वाचून काढलं की असली डिस्क वीज न देता कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिली तर आतलं हळूहळू विसरायला लागते. रिजेक्ट. पेन ड्राइव्ह तर त्यांनी हातातच घेतला नाही. क्लाउडवर ठेवा म्हटलं तर विचारलं, ते कुठं असतं? मी म्हटलं, कुठंतरी परदेशात, मोठ्या इमारतीत. माझा पोरगा खोपोलीला जाऊन हाताबाहेर गेला, म्हणाले, आता त्याला परदेशात कुठं पाठवू?

शेवटी फिरणाऱ्या चकतीवरच आलो. मग खोक्यावरची बनावटीची तारीख, बॅच नंबर. दोन डिस्क घ्यायच्या तर एका बॅचच्या नकोत, एकीत खोट असेल तर दुसरीतही तीच. एक डिस्क मी मागवली, ती नवी म्हणून आली होती. काकांनी ती कॉम्प्युटरला लावायला लावली आणि किती तास चालली आहे तो आकडा बघायला सांगितला. आकडा शून्य होता. पण स्क्रूच्या खाचेत त्यांना भिंगातून पेचकसाची खरवड दिसली. ती मुंबईच्या डीलरकडे परत गेली आणि त्यानं कुरकुर न करता घेतली, तेव्हा मी समजलो की जुनीच डिस्क आकडा पुसून नवी म्हणून विकली होती.

मग चाचणी. डिस्क काठोकाठ भरायची, सगळी परत वाचायची, पुसायची, परत भरायची. काकांचं म्हणणं, पंप काय, डिस्क काय, एकतर लहानपणी जातात नाहीतर म्हातारपणी. लहानपण इथं दुकानातच जाऊ दे. माझ्या दुकानाचा एक कोपरा महिनाभर त्यांच्या डिस्कांनी अडवला. मी चिडून बोललो की तुमच्या चार मिनिटांपायी माझी बसायची खुर्ची गेली. ते रोज दुपारपर्यंत येऊन ऐकून जायचे. नवव्या दिवशी एका डिस्कला स्टेथोस्कोप लावला, माझ्या कानाला दिला. मला काही वेगळं ऐकू आलं नाही. ते म्हणाले, रिजेक्ट. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. अकराव्या दिवशी ती डिस्क टक-टक करायला लागली आणि संध्याकाळी मेली. त्या दिवसानंतर मी त्यांना डोक्यावरून काही बोललो नाही.

एका डिस्कला अखेर पास मिळाला. आठ टीबी. माझ्या जुन्या डिस्कवर साचलेलं सगळं मी तिच्यावर उतरवून दिलं. ती रेकॉर्डरमध्ये बसली, यूपीएससकट, आणि तिच्यावर पुसापुशी बंद. काहीही पुसायचं नाही. शेळी, दूधवाला, रिकामी गल्ली, सगळं ठेवायचं. मी म्हटलं, महेशची चार मिनिटं निराळी काढून दिली आहेत की, बाकी कचरा कशाला? ते म्हणाले, एकोणीस दिवस मला तो कचराच वाटत होता.

ती चार मिनिटं तीन निरनिराळ्या डिस्कांवर गेली. चार-चार टीबीची डिस्क, आत एकच चार मिनिटांची फाइल. लहान डिस्क घ्या म्हटलं तर म्हणाले, लहान म्हणजे जुना पडून राहिलेला माल. प्रत्येक डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत, आत ओल शोषून घेणाऱ्या पुड्या, वर कापड, कापडावर लाख. लेबलावर आखलेले रकाने. नमुना, तारीख, सील करणारा, उघडणारा, कारण, निकाल. पहिले तीन भरलेले, पुढचे तीन रिकामे. एक डिस्क त्यांच्या कपाटात, एक कळंबला बहिणीकडे, एक माझ्याकडे. तिन्ही एका छपराखाली नकोत. कळंबच्या आत्याबाईंना लाखेचं सील बघून काय वाटलं कोणास ठाऊक, त्यांनी ती देव्हाऱ्याखाली ठेवली आणि शुक्रवारी तिला हळदकुंकू वाहायला लागल्या. काकांना हे कळलं तेव्हा त्यांना काळजी एवढीच, की कुंकू पिशवीच्या आत तर जात नाही ना.

तीन सॅम्पल सील केल्यावर काकांनी ती चार मिनिटं परत कधी बघितली नाहीत. मी विचारलं, बघावंसं वाटत नाही? म्हणाले, तक्रार आल्याशिवाय नाही.

"अहो, मग फोन लावा त्याला," मी एकदा तडकून म्हटलं. "दिसलास म्हणावं. बास, एवढंच."

"त्यानं बेल नाय वाजवली, नितीन," काका म्हणाले. "मी हाक मारली तर तो येईल, पण मी बोलावला म्हनून येईल. त्याला वाटलं म्हनून आला ते येगळं." मग माझ्याकडून त्यांनी वचन घेतलं की मी फोन करणार नाही. मी दिलं. महेशचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. ते वचन मोडलं असतं तर माझं काय बिघडलं असतं, हे मी आता स्वतःला विचारतो आणि मला स्वतःचा राग येतो.

काकांनी दुपारची झोप मात्र सोडली. तीनच्या आत बाहेर यायचे आणि फाटकाच्या आतल्या पायरीवर बसायचे ते पाच वाजेपर्यंत. समोर प्लास्टिकच्या दोन लाल खुर्च्या मांडलेल्या. मला वाटायचं शेंगांची राखण चाललीय. एकदा दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मी गप्पा मारायला गेलो आणि सवयीनं एका खुर्चीत बसलो. काकांनी मला उठवलं. "ती होल्डवर हाय." मी दुसरीत बसायला गेलो तर तीही होल्डवर. पासष्टीच्या पुढचा माणूस दगडाच्या पायरीवर बसलेला, खुर्च्या रिकाम्या, आणि मी उभा. मला वाटलं प्लास्टिकची चाचणी चालली असेल. त्या माणसाचं काही सांगता येत नव्हतं. पावसात छत्री घेऊन बसायचे, तेव्हाही खुर्च्या बाहेरच.

असं वर्ष गेलं. थंडीच्या शेवटी एका सकाळी दूधवाल्यानं मला हाक मारली, की काका दार उघडत नाहीत. झोपेतच गेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी मनात म्हटलं, दुनियेभरच्या लोखंडाला कान लावत फिरले, ती चकती एकदा स्वतःच्या छातीला लावली असती तर.

मग मी महेशला फोन केला. तेव्हा वचनाचा प्रश्न नव्हता.

तो आला, वनिताही आली. सगळं रीतसर केलं. तेराव्यापर्यंत दोघं घरी राहिले, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी मोजकं बोलले. चौदाव्या दिवशी दुपारी दोघं माझ्या दुकानात आले. महेशच्या हातात रेकॉर्डरमधून काढलेली ती आठ टीबीची डिस्क होती. घर बंद करून ते खोपोलीला निघाले होते. डिस्क फॉरमॅट करून द्या म्हणाला, वनिताच्या भावाला कॉम्प्युटरसाठी कामाला येईल, एवढी चांगली डिस्क वाया कशाला घालवायची.

मी डिस्क हातात घेतली पण जोडली नाही. विचारलं, आत काय आहे बघितलंस का? म्हणाला, बघितलं थोडं, रिकामी गल्ली दिसते, शेळ्या दिसतात, त्यांचं वेड तुम्हाला माहीत आहेच. मग तो एकदम बोलायला लागला. इतके दिवस बोलला नव्हता ते सगळं माझ्या काउंटरवर आलं.

"शेळ्यांचं रेकॉर्ड ठेवलं, मला एक फोन नाय," तो म्हणाला. "मी आलो होतो, नितीनदादा. एकदा आलो होतो दारापर्यंत. हिंमत नाय झाली. त्यांना पत्ता पन नाय लागला, आनी लागला असता तरी काय फरक पडला असता."

मी उठलो. मागच्या कपाटातून ती कापडात बांधलेली, लाखेचं सील लावलेली पिशवी काढली आणि त्याच्यापुढं ठेवली. म्हटलं, ही तक्रार आली तरच उघडायची होती. आता आली.

लाख त्यानंच फोडली. मी डिस्क जोडली. एकच फाइल. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं, फाटक, आणि तो. महेश स्वतःला बघत राहिला. कडीला हात, काढलेला हात, बेल, घाम. मी त्याला सांगितलं की काका त्या पांढऱ्या खोक्याचं काय ते विचारत राहिले होते. मला मोठा करून दाखवता आला नाही.

"पेढे होते," महेश म्हणाला. "त्या दिवशी आमी सकाळी रजिस्टर लग्न केलं."

"मी कोपऱ्यावर रिक्षात होते," वनिता म्हणाली. एवढ्या दिवसांत माझ्याशी तिचं हे पहिलंच वाक्य. कॅमेऱ्यात रिक्षा दिसत नव्हती. काकांना ती तिथं असल्याचं कधीच कळलं नव्हतं.

मग मी मोठी डिस्क जोडली. महेशनं आठवड्यापूर्वीची रिकामी गल्ली तेवढी बघितली होती, काका असतानाच्या दुपारी नाहीत. मी कुठलाही एक दिवस घेतला आणि तीन वाजता आणला. काका पायरीवर. समोर दोन खुर्च्या. दुसरा दिवस, पायरी, खुर्च्या. पावसातला दिवस, छत्री, खुर्च्यांवरून पाणी गळतंय. दिवस पळवत गेलो तरी चित्र तेच, फक्त काकांचा स्वेटर येतोय आणि जातोय. आणि मी गाढव तिथं जाऊन दोनदा बसायला बघितलं होतं. महेशनं काउंटरवर डोकं टेकलं. मीही चष्मा पुसायला घेतला, त्यावर धूळ नव्हती.

वनिता रडत नव्हती. ती स्क्रीनकडे बघत होती, आणि तिनं विचारलं, "पयल्या दिवशी किती खुर्च्या होत्या?"

मला कळलं ती काय विचारतेय. एक खुर्ची लेकाची, हे कोणीही ओळखलं असतं. दुसरी नंतर सुचली असेल, महिन्यानं, दोन महिन्यांनी, एकटेपणानं घायकुतीला आल्यावर. तिला ते तपासायचं होतं. मी सुरुवातीला गेलो, माझ्या जुन्या डिस्कवरून उतरवलेल्या पहिल्या दिवसावर. काका रेकॉर्डर टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे आले होते तोच दिवस. दुपारी तीनला पाच कमी. काका घरातून एक खुर्ची घेऊन येतात. फाटकासमोर ठेवतात. तिच्याकडे बघतात. आत जातात. जरा वेळानं दुसरी घेऊन येतात. तिच्यावर काहीतरी असावं, कारण ती उताणी करून, खांद्यावरच्या पंच्यानं पायांपर्यंत पुसतात, आणि मग पहिलीच्या शेजारी लावतात. पहिली खुर्ची पुसली नव्हती.

वनितानं मला ते परत लावायला सांगितलं. मी लावलं.

मग तिनं माझं पेन घेतलं, लेबल पुढं ओढलं. उघडणारा, या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, वनिता महेश बडेकर. कारणापुढं लिहिलं, तक्रार. निकालाशी तिचं पेन थांबलं. मग तिनं लिहिलं, होल्ड.

महेशनं मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"सगलं बघितल्याबिगर निकाल कसा द्यायचा?" ती म्हणाली.

मी तिला सांगितलं की आठ टीबी आहे, रोजच्या नुसत्या दुपारी बघायच्या म्हटल्या तरी वर्ष जाईल. ती म्हणाली, जाऊ दे. मी डिस्क फोममध्ये गुंडाळून खोक्यात घातली आणि सांगितलं की गाडीत मांडीवर ठेवा, धक्का लागू देऊ नका. संध्याकाळच्या खोपोली गाडीला मी त्यांना सोडायला गेलो. महेशच्या हातात एकात एक घातलेल्या दोन लाल खुर्च्या होत्या आणि डिस्क वनिताच्या मांडीवर होती.